पदरमोड करून छापलेली कादंबरी

प्रकाशकांनी नाकारलेली कादंबरी लेखक स्वतःच्या पैशाने छापायला निघतो. पुढे त्याचे, त्या कादंबरीचे आणि त्याच्या घराचे काय होते?

दिल्लीत आयटीओच्या चौकाजवळ एका रस्त्याला विष्णू दिगंबर मार्ग असे नाव आहे. मराठी माणसाला ते लगेच ओळखीचे वाटेल. कुरुंदवाडचे थोर गायक विष्णू दिगंबर पलुसकर यांच्या नावाचा हा रस्ता. याच रस्त्यावर हिंदी भवन आहे. आत सभागृहात पुस्तकांची प्रकाशने होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, साहित्याच्या भवितव्याची चिंता वाहिली जाते. आणि बाहेर पदपथावर अनेक वर्षे एक गृहस्थ स्टोव्हवर चहा उकळत बसत. किटली, काचेचे पेले, दुधाचे पातेले आणि त्यांच्या शेजारी ओळीने मांडलेली पुस्तके. चहा पिता पिता एखादा माणूस सहज म्हणून पुस्तक उचली. ते चहावाल्यानेच लिहिले आहे, त्यानेच छापले आहे आणि तोच ते विकतो आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नसे.

या गृहस्थांचे नाव लक्ष्मण राव. मूळ गाव अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर. शाळा मराठीतून झाली, पण कादंबऱ्या लिहिल्या हिंदीत. एक-दोन नव्हे, त्यांच्या पुस्तकांची संख्या वीसच्या पुढे गेली. ती जवळजवळ सगळी त्यांनी पदरमोड करून छापली.

स्वतःची कादंबरी स्वतःच छापण्याचा विचार आज अनेकांच्या मनात येतो. कुणी निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हातात आल्यावर तो करतो, कुणी नोकरीत असतानाच. संगणक आणि मोबाइलमुळे छापणे पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे. पण छापणे सोपे झाले म्हणून लेखक-प्रकाशक होणे सोपे झाले, असे म्हणता येईल का? लक्ष्मणरावांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

नदीत बुडालेला मुलगा

तरुणपणी लक्ष्मणराव गुलशन नंदांच्या कादंबऱ्यांनी झपाटलेले होते. ‘कटी पतंग’, ‘दाग’ अशा चित्रपटांमुळे नंदांचे नाव त्या काळी घराघरात पोहोचले होते. आपणही असेच लिहायचे, हे या तरुणाने मनाशी पक्के केले. गावातला एक मुलगा नदीत बुडून गेला, त्या घटनेने त्यांना फार अस्वस्थ केले. पुढे त्याच मुलाची आठवण ‘रामदास’ या कादंबरीत उतरली.

अमरावतीला सूतगिरणीत काम मिळाले होते, पण गिरणी बंद पडली. वडिलांकडून चाळीस रुपये घेऊन ते घराबाहेर पडले. भोपाळमध्ये काही काळ बांधकामावर मजुरी केली आणि १९७५ साली दिल्ली गाठली. तिथेही मजुरी, धाब्यावर भांडी घासणे, अशी मिळतील ती कामे केली. मग पान-विडी-सिगारेटचा छोटा धंदा आणि पुढे चहा. दर्यागंजच्या रस्त्यावर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरत असे. तिथून पुस्तके आणायची आणि रात्री रस्त्याच्या दिव्याखाली वाचायची, हा त्यांचा अभ्यास.

हस्तलिखित घेऊन ते प्रकाशकांकडे गेले, तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. पदपथावर धंदा करणारा, दहावीपर्यंत शिकलेला माणूस कादंबरीकार कसा असेल? एका ठिकाणी तर त्यांना अपमान करून बाहेर काढले गेले. तेव्हा त्यांनी ठरवले की, आता स्वतःच छापायचे. १९७९ साली त्यांचे पहिले पुस्तक, ‘नई दुनिया की नई कहानी’, बाहेर आले.

लेखकाच्या आयुष्यातला हा आनंदाचा क्षण. कोऱ्या पुस्तकाचा वास घेणे, मुखपृष्ठावर आपले नाव पुन्हा पुन्हा पाहणे, हे सुख ज्याने घेतले आहे त्यालाच कळेल. पण खरी कसोटी त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. गठ्ठे घरात येऊन पडलेले असतात आणि ते विकणारे दुसरे कोणी नसते.

लक्ष्मणरावांनी सायकलला पिशवी लावली आणि दिल्लीतल्या शाळा, वाचनालये पालथी घातली. मुख्याध्यापकांना भेटायचे, ग्रंथपालांना पुस्तक दाखवायचे, दोन-चार प्रती घ्या म्हणून विनवायचे. कुणी घेत, कुणी दारातूनच परत पाठवीत. पहाटेपासून चहाचा धंदा, मधल्या वेळात ही पायपीट आणि रात्री लेखन, असा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला. शिवाय शिक्षणही. वयाच्या पन्नाशीच्या आसपास त्यांनी दिल्ली विद्यापीठाची पदवी घरबसल्या अभ्यास करून मिळवली आणि त्यानंतर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून हिंदीत एम. ए. केले.

१९८४ साली पंतप्रधान इंदिरा गांधींना भेटण्याची संधी त्यांना मिळाली. त्या भेटीतून पुढे ‘प्रधानमंत्री’ हे नाटक लिहिले गेले. ‘रामदास’ला दिल्लीत २००३ साली साहित्य पुरस्कार मिळाला. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांना राष्ट्रपती भवनाचे बोलावणे आले. प्रतिभाताई अमरावतीच्या खासदार होत्या, तेव्हा या भेटीला माहेरच्या माणसांच्या भेटीची गोडी आली असणार. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, परदेशी वार्ताहर येऊन गेले. एवढे होऊनही चहाची किटली स्टोव्हवरून उतरली नाही. उतरवून चालणारही नव्हते, कारण पुढच्या पुस्तकाचा कागद त्या किटलीतूनच येत होता.

घरच्यांना काय वाटते?

लेखकांच्या मुलाखतींत ही बाजू फारशी येत नाही. पदपथावर चहा विकून घर चालवायचे, मुलांची शाळा, भाड्याची खोली आणि त्यातून पैसे बाजूला काढून पुस्तक छापायचे. सुरुवातीला पत्नीला हा वेडेपणा वाटला होता, हे लक्ष्मणरावांनी मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. तिचे काय चुकले? ज्या घरात महिनाअखेरीस किराण्याची चिंता असते, तिथे छापखान्याला पैसे देणाऱ्या नवऱ्याकडे बायको कौतुकाने पाहील, अशी अपेक्षा करणे हाच अन्याय आहे. पुढे मुले मोठी झाली, वडिलांची पुस्तके इंटरनेटवरच्या दुकानांत विकायला ठेवण्याच्या कामात त्यांनी हातभार लावला. पण मधली कित्येक वर्षे त्या घराने काढली होती, हे विसरता कामा नये.

लिहिणारी स्त्री असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. नवऱ्याने पुस्तकासाठी पैसे काढले, तर त्याला ‘नाद’ म्हणतात. बायकोने काढले, तर ‘उधळपट्टी’. तिने त्याच पैशांच्या बांगड्या केल्या असत्या, तर कुणी शब्द काढला नसता! म्हणूनच अनेक जणी स्वतःच्या कमाईतून, भिशीतून किंवा माहेरून मिळालेल्या पैशांतून पुस्तक छापतात आणि खर्चाचा आकडा घरात निम्माच सांगतात. खरे तर पती-पत्नींनी आधी बसून ‘हे पैसे परत आले नाहीत तरी चालतील का?’ हा एकच प्रश्न एकमेकांना मोकळेपणाने विचारला, तर पुढचे पुष्कळ रुसवे-फुगवे टळतील.

प्रेमचंदही यातून सुटले नाहीत

स्वतः छापण्याचा मोह काही आजचा नाही. हिंदीचे सर्वांत मोठे कादंबरीकार प्रेमचंद यांनी १९२३ साली बनारसला सरस्वती प्रेस काढला. आपली पुस्तके आपणच छापावीत, प्रकाशकाच्या घरी जाणारा नफा आपल्या घरी यावा, असा साधा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात छापखाना त्यांच्या गळ्यात लोढणे होऊन बसला. कामगारांचे पगार, कागदाची बिले, थकलेली वसुली. त्यात १९३० मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले, मग ‘जागरण’ साप्ताहिक. तोटा वाढतच गेला. शेवटी १९३४ साली त्यांनी मुंबईला येऊन अजंता सिनेटोन या चित्रपट कंपनीत लेखकाची नोकरी धरली. त्यामागे मोठे कारण या कर्जाचेच होते. तिथे त्यांचे मन रमले नाही आणि १९३५ मध्ये ते परत गेले. पुढच्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, प्रेमचंदांना वाचक नव्हते असे कुणी म्हणू शकणार नाही. वाचक होते, नाव होते, तरी प्रकाशनाचा धंदा जमला नाही. चांगली कादंबरी लिहिणे आणि ती विकणे, ही दोन वेगळी कसबे आहेत. एका माणसात दोन्ही असतील तर ते त्याचे भाग्य.

ज्यांना जमले त्यांचे काय?

स्वतः छापू इच्छिणाऱ्या माणसाला हमखास दोन नावे ऐकवली जातात. एक अश्विन सांघी, दुसरे अमीश त्रिपाठी. दोघेही इंग्रजीत लिहिणारे, दोघांच्याही लेखनाची सुरुवात मुंबईतली.

सांघींची पहिली कादंबरी ‘द रोझाबल लाइन’ प्रकाशकांनी पुन्हा पुन्हा नाकारली. २००७ साली त्यांनी ती एका परदेशी संकेतस्थळाच्या मदतीने स्वतः प्रसिद्ध केली, तीही टोपणनावाने. शॉन हेगिन्स हे ते नाव त्यांच्याच नावातली इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून बनवलेले होते. पुढच्या वर्षी एका भारतीय प्रकाशकाने ती त्यांच्या खऱ्या नावानिशी पुन्हा काढली.

अमीश यांची ‘द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’ वीसहून अधिक प्रकाशकांनी परत केली होती. अखेर त्यांच्या साहित्यिक एजंटने ती छापायचे ठरवले आणि जाहिरातीचा भार अमीश यांनी उचलला. पहिल्या प्रकरणाची छोटी पुस्तिका छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटली. चित्रपटाची असते तशी छोटी जाहिरात-फीत काढून इंटरनेटवर टाकली. फेब्रुवारी २०१० मध्ये पुस्तक आले आणि अल्पावधीत सर्वाधिक खपणाऱ्या पुस्तकांच्या यादीत गेले. आज ते मराठीसह अनेक भाषांत वाचले जाते.

या गोष्टी ऐकून हुरूप येतो, यात शंका नाही. पण त्या सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात. अमीश कोलकात्याच्या आयआयएममधून शिकलेले, अनेक वर्षे वित्त क्षेत्रात काम केलेले. सांघी उद्योजक घराण्यातले, येल विद्यापीठातून व्यवस्थापन शिकलेले. माल बाजारात कसा आणायचा, याचे शिक्षण दोघांनाही होते. आणि दोघांनीही पहिले पुस्तक आले म्हणून लगेच कामधंदा सोडला नाही. पुस्तकाचे मानधन पगारापेक्षा जास्त झाले तेव्हाच अमीश यांनी नोकरीचा राजीनामा दिला, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. म्हणजे विष्णू दिगंबर मार्गावरचा चहावाला आणि विमा कंपनीतला अधिकारी, दोघांचा नियम एकच. कादंबरीने घर चालवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कमाईने कादंबरी चालवायची.

आता थोडा हिशेब

प्रत्यक्ष आकडे शहराप्रमाणे, कागदाप्रमाणे, प्रतींच्या संख्येप्रमाणे बदलतात. म्हणून इथे केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, कादंबरी डेमी आकाराची, २४० पानांची आहे. सोळा पानांचा एक फॉर्म धरला, तर १५ फॉर्म झाले. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी असे सगळे मिळून ५०० प्रतींना ७५ हजार रुपये लागले. म्हणजे प्रतीला १५० रुपये. किंमत ठेवली ३०० रुपये. लेखकाला वाटते, दुप्पट पैसे झाले!

पण दुकानदार आणि वितरक सवलत घेतात. ती ४० टक्के धरली, तर ३०० पैकी १२० रुपये त्यांचे. लेखकाच्या हाती १८०. पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या, तर ९० हजार आले. खर्च वजा जाता १५ हजार सुटले. ही झाली सर्वांत चांगली परिस्थिती.

मात्र आपल्याकडे पुस्तक भेट मिळते, अशी समजूत आहे. मावसभाऊ, साडू, कार्यालयातले सहकारी, सोसायटीचे सेक्रेटरी, समीक्षक, प्रकाशन समारंभाचे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे, सगळ्यांना सही करून प्रत द्यावी लागते. अशा १०० प्रती गेल्या की उरल्या ४००. त्या सगळ्या विकल्या तरी आले ७२ हजार. आणि खर्च झाला होता ७५ हजार! म्हणजे नफा-तोट्याची रेघ त्या भेटप्रतींनीच ओलांडली. यात समारंभाचे सभागृह, चहा-फराळ, निमंत्रणपत्रिका धरलेल्याच नाहीत. नातेवाइकांनी लेखकाचे कौतुक करायचेच असेल, तर पुस्तक विकत घेऊन करावे. लग्नात पाकीट देतोच ना आपण?

उलट जी प्रत लेखक स्वतःच्या हाताने विकतो, तिचे पूर्ण ३०० रुपये त्याच्याकडे राहतात. लक्ष्मणरावांच्या मांडणीचे मर्म इथे आहे. चहाच्या ठेल्यावर पुस्तके ठेवण्यात नाइलाज होता खरा, पण त्यामुळे त्यांच्या दुकानाला भाडे नव्हते आणि मधला दलालही नव्हता. रोज चहाला येणारे गिऱ्हाईक हेच त्यांचे वाचक.

गठ्ठ्यांचा प्रश्न वेगळाच. पाचशे प्रती म्हणजे किती जागा, हे टेम्पो दारात येईपर्यंत कुणाला कळत नाही. दिवाणात, माळ्यावर, पलंगाखाली त्या कोंबल्या जातात. दोन पावसाळे गेले की कडा पिवळ्या पडतात, वाळवीने वास काढला तर मग बघायलाच नको. हा त्रास आता थोडा कमी झाला आहे. मागणी येईल तेवढ्याच प्रती छापण्याची सोय झाल्याने पन्नास प्रतीही काढता येतात. प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण घराचे गोदाम होत नाही.

सावध असलेले बरे

जिथे हौस असते, तिथे तिच्यावर जगणारेही असतात. ‘तुमचे हस्तलिखित आमच्या तज्ज्ञांना फार आवडले, फक्त खर्चातला थोडा वाटा उचला,’ असा निरोप आला की नवख्या लेखकाला आकाश ठेंगणे होते. पैसे दिल्यावर कळते की, तज्ज्ञांनी ते उघडूनही पाहिलेले नाही. चुका तशाच छापलेल्या, प्रती किती निघाल्या याचा पत्ता नाही, वितरण म्हणजे कुठल्याशा संकेतस्थळावर मुखपृष्ठाचे एक चित्र. पैसे घेऊन प्रामाणिकपणे काम करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना ओळखायचे कसे? त्यांनी आधी काढलेले पुस्तक हातात घेऊन पाहावे, दोन लेखकांशी बोलावे आणि सगळे कागदावर लिहून घ्यावे.

त्या कागदात हक्कांची कलमे नीट वाचावीत. लेखनावरचा लेखकाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिताक्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. पण ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असे शब्द असतील आणि खाली आपली सही असेल, तर नंतर कपाळाला हात लावण्यात अर्थ नसतो.

पुस्तकावरचा आयएसबीएन क्रमांक मिळवून देण्यासाठीही काही जण वेगळे पैसे लावतात. वास्तविक आपल्या देशात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक-प्रकाशकालाही तो मागता येतो. याच्या जोडीला एक कर्तव्यही आहे, जे अनेकांना ठाऊक नसते. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापले, म्हणजे प्रकाशक आपणच!

आणि मुद्रितशोधन. पैसे वाचवायचे म्हणून पहिली कात्री इथे लावली जाते. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, कारण डोळे कागदावरचे न वाचता मनातले वाचत असतात. मराठीत त्यात आणखी एक भानगड. घरी एका टंकात टाइप केलेला मजकूर छापखान्यातल्या दुसऱ्या टंकात नेला की रफार उडतात, जोडाक्षरे फुटतात, ‘र्‍या’चे भलतेच काही होते. नायक-नायिकेच्या ताटातुटीच्या प्रसंगात असे एखादे अक्षर फुटले की वाचकाला रडू येण्याऐवजी हसू येते. चांगल्या मुद्रितशोधकाचे पैसे द्यावेत, मुखपृष्ठ थोडे साधे असले तरी चालेल. त्याहून महत्त्वाचा तो संपादक, जो ‘हे तिसरे प्रकरण काढून टाका’ असे तोंडावर सांगेल. प्रकाशकांचे नकार नेहमी अन्यायाचेच असतात असे नाही. कधी कधी कादंबरी खरोखरच अजून तयार नसते.

कागदाशिवायचे पुस्तक

डिसेंबर २०१६ पासून ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकांची सोय झाली. छपाई नाही, गठ्ठे नाहीत, टेम्पो नाही. पुस्तक दुसरीकडे ई-रूपात विकणार नाही, अशी अट मान्य केली तर किमतीच्या ठरावीक मर्यादेत लेखकाला ७० टक्के, नाही तर ३५ टक्के मानधन मिळते. छापील पुस्तकाच्या मानाने हा वाटा उदार आहे. अडचण अशी की, दुकानात गिऱ्हाइकाची नजर निदान शेजारच्या पुस्तकावर तरी पडते, इथे लाखो पुस्तकांत आपले सापडायला वाचकाला आधी आपले नाव माहीत असावे लागते. मग लेखक रोज ओळखीच्यांना दुवे पाठवत बसतो. लोक आधी अभिनंदन करतात, मग गप्प होतात आणि शेवटी मोबाइलवरचा गट सोडून जातात! त्यात भर म्हणजे कुणीतरी पुस्तकाची फुकट प्रत मोबाइलवरून वाटू लागतो आणि वर लेखकालाच ‘वाचून कळवा’ म्हणून पाठवतो.

महाराष्ट्रात मात्र एक जुना आधार अजून आहे. १९६७ च्या कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. तालुक्याच्या, गावच्या वाचनालयात कादंबरीचा वाचक आजही येतो. ग्रंथपालाला स्वतः भेटून, वाचनालयात एक तास वाचकांशी बोलून पाच-सात प्रती देणारा लेखक हळूहळू ओळखीचा होतो. यात वेळ जातो, एसटीचा खर्च होतो. पण एखाद्या गावातल्या आजीबाई ‘तुमच्या नायिकेने सासर सोडायला नको होते’ म्हणून भांडायला येतात, तेव्हा लेखकाला जे मिळते ते मानधनाच्या पावतीवर लिहिलेले नसते. मोठ्या प्रकाशकाच्या लेखकालाही असा वाचक समोर बसून क्वचितच भेटतो.

लक्ष्मणरावांना तो रोज भेटत असे. कार्यालयांतले बाबू, वार्ताहर, विद्यार्थी, हिंदी भवनातल्या सभेला आलेले साहित्यिक, सगळे चहाला थांबत. कुणी नुसते पुस्तक चाळून ठेवून देई, कुणी विकत घेऊन जाई. दुपारी गर्दी ओसरली की सायकलला पिशव्या लागत आणि ते एखाद्या शाळेच्या दिशेने निघत. एका पुस्तकाच्या प्रती संपत आल्या की त्या पैशांत चहाचे पैसे घालून पुढचे हस्तलिखित छापखान्यात जाई.